भाचा, ब्रेक आणि बंब

आमच्या लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात सर्वांत मोठा मान असे तो न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाला. आई तीन वाजता उठून त्यात गोवऱ्या आणि ढलप्या घाली. आम्ही भावंडे तेल माखून कुडकुडत उभी राहिलो की पहिली बादली कोणाची यावरून भांडण जुंपे. बादलीभर पाणी कढत व्हायला किती जळण लागते, हे त्या वयात मला अगदी पाठ होते. पण या बंबाचे आणि मोटारीच्या ब्रेकचे सख्खे नाते आहे, हे कळायला मात्र सत्तरी गाठावी लागली; आणि त्यासाठी अमेरिकेत भाच्याच्या घरी जाऊन त्याच्या मोटारीखाली डोके घालावे लागले.

त्याचे असे झाले. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लॉस एंजलिसजवळ भाच्याकडे दोन महिने राहायला जाणार होतो. भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. शहाणा, सरळ, नोकरीत स्थिर, दोन मुलांचा बाप. आमची बॅग भरणे चालू असतानाच त्याचा फोन आला.

"मामा, या खेपेला तुम्हाला कामाला लावणार आहे. माझ्या गाडीला मोठे ब्रेक बसवायचेत. एक माणूस कमी पडतोय."

सौ. पलीकडे मेतकुटाच्या पुड्या बांधत होती. फोनवर काय बोलणे झाले ते तिला सांगितले, तशी ती हात थांबवून म्हणाली, "मोठे ब्रेक? म्हणजे आता आणखी जोरात चालवणार की काय?"

मी हसलो. वाचकहो, बायकांच्या प्रश्नाला हसणे हा पुरुषांचा जुना रोग आहे. तो प्रश्न किती नेमका होता, हे मला पुढे पंधरा दिवसांनी कळले.

मोटार कुठली, तर माझदा कंपनीची मिआटा. १९९० सालची, लाल, दोनच आसनांची, टप उघडता येणारी आणि इतकी ठेंगणी, की आत बसायचे म्हणजे पाटावर बसण्याची सवय हवी. भाच्याने ती कोणाकडून तरी तिसऱ्या हाताने घेतली होती आणि मुलांपेक्षा अंमळ जास्तच लाडाने तो तिला धूत-पुशीत असे. या मोटारीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. पूर्वी इंग्लंडात अशा लहान, उघड्या, दोघांपुरत्या मोटारी निघत. त्या चालवायला झकास. पण रस्त्यात कुठे रुसून बसतील याचा नेम नसे. तशी मोटार, पण न रुसणारी, जपान्यांनी का करू नये, ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या बॉब हॉल नावाच्या मोटारी-वेड्या पत्रकाराने माझदाच्या लोकांच्या डोक्यात भरवली. पुढे तो त्यांच्याकडेच नोकरीला लागला. तिथल्याच अर्व्हाइन गावच्या कचेरीत तिचे रूप ठरले, हिरोशिमात ती घडली, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. २०१६ पर्यंत अशा दहा लाख मोटारी तयार झाल्या. म्हणजे आमचा भाचा वेडा असला, तरी एकटा नव्हता.

"अरे, पण चालत्या गाडीचे ब्रेक कशाला बदलतोस?" मी पहिल्याच संध्याकाळी विचारले.

त्याने आधी स्वयंपाकघराकडे पाहिले. भाचेसून आणि सौ. आत पुऱ्या लाटत होत्या. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "मामा, कोणाला सांगू नका. मार्चमध्ये माउंट विल्सनवरून खाली येत होतो. एकटाच. उताराला शेवटच्या वळणावळणांत ब्रेक दाबला, तर पाय नुसता खाली गेला. जणू काही भिजलेल्या गादीवर पाय ठेवला. दोन-तीनदा भराभर दाबला, तेव्हा कुठे थोडा लागला. गाडी कशीबशी कडेला घेतली. पाऊण तास बसून राहिलो."

"आणि सूनबाईला काय सांगितलंस?"

"सांगितलं, फोटो काढत होतो."

मी काही बोललो नाही. न बोलण्याचे कारण वेगळे होते. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला कागद-पेन्सिल घेऊन शिकवणी दिली. आमच्या पिढीची समजूत अशी, की ब्रेक म्हणजे चाकाला धरून ठेवणारा हात. भाचा म्हणाला, "मामा, ब्रेक म्हणजे शेगडी. गाडीच्या वेगाची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची, एवढंच त्याचं काम." हजार किलोची मोटार ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने चालली असेल आणि ती एकदम थांबवली, तर साधारण तीन सेकंदांत एवढी उष्णता निघते की तिच्यावर सव्वा लिटर पाण्याला उकळी फुटावी. सात-आठ माणसांचा चहा झाला! वेग निम्मा असेल तर उष्णता मात्र निम्मी होत नाही, चौथाई होते. म्हणजे दोनच कप. उलट वेग दुप्पट केला, तर चौपट.

पण खरी मौज घाटात. मोटार डोंगरावर चढवताना इंजिनाने जे काम केले, ते सगळे उतरताना परत फेडावे लागते. माउंट विल्सन सुमारे १,७४० मीटर उंच. पायथ्याचे ला कन्याडा गाव त्याच्यापेक्षा साधारण १,३८० मीटरनी खाली. मध्ये तीस किलोमीटरचा वळणांचा रस्ता. दोन माणसांसह ही चिमुकली मोटार तिथून खाली आणायची, तर तीन बादल्या गार पाणी उकळेल एवढी उष्णता कुठे तरी जिरवावी लागते. थोडी वारा खातो, थोडी टायर खातात, इंजिनाला खाऊ दिली तर तेही पुष्कळ खाते. उरलेली सगळी चार तबकड्यांच्या माथी.

तीन बादल्या म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे आमचा बंब उभा राहिला. आईच्या त्या सगळ्या गोवऱ्या आणि ढलप्या या पोराच्या चाकात जळत होत्या तर!

आता या तबकड्यांची हकीकत. जुन्या मोटारींना ड्रमचे ब्रेक असत. बंद डब्यासारखा लोखंडी ड्रम, आणि आतून त्याला घासणारे लायनर. डबा बंद असल्यामुळे उष्णता आत कोंडते, ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, लायनर तापून गुळगुळीत होतात, आणि पाय खाली जातो पण मोटार थांबत नाही. त्याऐवजी उघडी तबकडी चाकाबरोबर फिरवावी आणि दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरावी, ही कल्पना इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ सालीच नोंदवून ठेवली होती. पण तिचे दिवस यायला पन्नास वर्षे लागली. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारच्या मोटारी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या. तेव्हा तिथे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता होता आणि त्याच्या शेवटी एक काटकोनी वळण. दर फेरीला तिथे मोटार भरवेगातून खाली आणावी लागे. दिवसा आणि रात्रीही. ड्रमवाल्यांना ब्रेक जपून वापरावे लागत; जॅग्वारवाले निर्धास्तपणे उशिरा दाबत. शर्यत त्यांनीच जिंकली, आणि तीही ताशी शंभर मैलांहून जास्त सरासरीने. दोन वर्षांत सित्रोएनच्या घरगुती मोटारीलाही पुढे डिस्क ब्रेक आले. आज आपल्या सोसायटीतल्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांत ते असतात.

"म्हणजे तबकडी मोठी केली की गाडी लवकर थांबेल," मी निष्कर्ष काढला.

"तिथंच तर सगळे फसतात, मामा!" भाचा खुशीत आला. "गाडीला ब्रेक थांबवत नाही. टायर थांबवतो. ब्रेक फक्त चाकाला थांबवतो. माझे जुने ब्रेक जोरात दाबले तर चाकं घसरतात. म्हणजे एकदा थांबायला लागणारी ताकद त्यांच्यात आधीच आहे. मोठी तबकडी घेतली म्हणून टायरची पकड वाढत नाही."

"मग खर्च कशाला करतोस?"

"पहिल्यांदा थांबायला नाही. विसाव्यांदा थांबायला."

हे वाक्य मात्र माझ्या मनात बसले. लहान पातेले लवकर तापते, मोठे उशिरा. तबकडीत लोखंड जास्त, हवेला लागणारी बाजू जास्त, म्हणून तीच उष्णता पोटात घेऊनही ती कमी तापते आणि लवकर निवते. शिवाय चिमटा मध्यापासून थोडा दूर धरल्यामुळे त्याच जोराला पकड थोडी अधिक मिळते. लांब दांड्याच्या पान्याने नट सैल करणे सोपे जाते, तसे. पण मुख्य गोष्ट उष्णतेची.

आणि आकार किती वाढायचा? जुनी पुढची तबकडी २३५ मिलिमीटर व्यासाची, नवी २५५. मागची २३१, ती होणार २५१. कारखान्यानेच १९९४ च्या मोटारींना इंजिन मोठे दिले, तेव्हा ब्रेकही असे वाढवले होते. भाच्याने तसल्याच एका मोटारीचे भाग भंगारवाल्याकडून आणले होते. (कॅलिफोर्नियातही भंगारवाले आहेत, हे पाहून मला फार आपलेपणा वाटला.) सौ.ने दोन्ही तबकड्या शेजारी ठेवून चकल्यांसारख्या पारखल्या आणि म्हणाली, "दोन सेंटीमीटरसाठी एवढा खटाटोप?"

भाच्याची खरी इच्छा याहून मोठ्या, २७० मिलिमीटरच्या तबकड्या घालण्याची होती. पुढच्या पिढीतल्या काही मिआटांना त्या असत. पण त्या चौदा इंची चाकात मावत नाहीत. पंधरा इंची चाके घ्यावी लागतात, मग नवे टायर. "साडीवर ब्लाउज, ब्लाउजवर चपला," भाचेसून म्हणाली, आणि तो बेत तिथेच थांबला. फक्त पुढचेच ब्रेक मोठे करून पैसे वाचवावे, अशी माझी सूचना होती. तीही नापास झाली. पुढचे एकदम बळकट आणि मागचे तसेच राहिले, तर पुढची चाके आधी घसरतात, मागच्यांची पकड वायाच जाते, आणि मोटार उलट लांब जाऊन थांबते. मागचे वाजवीपेक्षा जास्त बळकट झाले तर आणखी वाईट. मोटार स्वतःभोवती गिरकी घेते. संसारासारखेच आहे. दोन्हीकडून जोर सारखा वाढला पाहिजे.

शनिवारी सकाळी काम सुरू झाले. मोटार जॅकवर उचलून खाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर मोटारीखाली जायचे नाही, हे भाच्याने मला आणि मी त्याच्या मुलांना बजावले. चाक काढले. तबकडीला धरणारा तो चिमटा, म्हणजे कॅलिपर, सोडवला. मी तो जुन्या मिस्त्रीच्या ऐटीत खाली लोंबता सोडणार, तोच भाचा ओरडला, "मामा, रबरी नळीवर वजन नको! आतून फाटते आणि बाहेरून दिसत नाही." कॅलिपर टांगायला तार सापडेना. शेवटी सौ.ने आतून माझ्या पायजम्याची एक नवीकोरी नाडी आणून दिली. जपानी मोटारीचा कॅलिपर अमेरिकन गॅरेजमध्ये पुण्याच्या नाडीला लटकलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

जुन्या तबकड्या गंजून चिकटल्या होत्या. चार हातोडे बसल्यावर सुटल्या. कॅलिपर मात्र तेच राहिले. त्यांना धरणारे कंस तेवढे बदलायचे. नवा कंस कॅलिपरला सेंटीमीटरभर बाहेर नेतो, की मोठी तबकडी आत बसली. तबकडीवरचे गंजरोधक तेल पुसून काढले, नवे पॅड घातले, बोल्ट मोजून आवळले.

मग आले माझे काम, ज्यासाठी मला सात समुद्र ओलांडून बोलावले होते. ब्रेकची हवा काढणे. मी चालकाच्या जागी बसलो. भाचा चाकापाशी आडवा. हातात पाना, निपलला पारदर्शक नळी, आणि नळीचे टोक सौ.च्या लिंबाच्या लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत.

"दाबा, मामा."

"दाबला."

"धरून ठेवा... सोडू नका हं... आता सोडा."

असे चार चाकांपाशी मिळून किती वेळा झाले, ते माझ्या गुडघ्याला विचारा. निपल उघडे असताना पाय सोडला, तर हवा आत ओढली जाते आणि सगळे मुसळ केरात. म्हणून आज्ञाधारक माणूस लागतो. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे असा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता.

बाटलीत जे तेल आले, ते पाहून मात्र दोघेही गप्प झालो. चहाच्या रंगाचे, गढूळ. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढते. पावसाळ्यात मिठाला पाझर फुटतो ना, तसे. 'डॉट ४' प्रतीचे नवे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. तेच तेल पाणी पिऊन बसले की दंडकाचा आकडा १५५ वर येतो. तापलेल्या ब्रेकपाशी ते उकळते, त्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही. वाफ दाबली जाते. म्हणून पाय भिजल्या गादीवर पडल्यासारखा खाली जातो.

"किती वर्षं बदललं नव्हतंस?" मी विचारले.

"मी गाडी घेतल्यापासून नाही," भाचा खाली पाहून म्हणाला. "सहा वर्षं."

म्हणजे मार्चमध्ये माउंट विल्सनवर दगा दिला तो तबकडीच्या दोन सेंटीमीटरने नव्हे. दुकानातून एक बाटली आणून तासाभरात जे काम झाले असते, त्याने दिला. भाचा हे मनोमन जाणून होता, असे मला वाटते. पण "तेल बदलायला विसरलो" असे म्हणण्यापेक्षा "मोठे ब्रेक बसवतो आहे" असे म्हणण्यात पुरुषाची शान राहते.

रविवारी सकाळी नवे पॅड तबकडीवर बसवण्याचा विधी झाला. मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा वेग वाढवायचा, आणि ब्रेक दाबून तो अगदी थोडा उरेपर्यंत खाली आणायचा. मात्र पूर्ण थांबायचे नाही, आणि तापलेल्या तबकडीवर पॅड दाबून उभे राहायचे नाही. मग न थांबता सावकाश फिरवून सगळे थंड करायचे. पापड भाजताना एकाच जागी धरला की जळतो, फिरवत राहावे लागते, तशातला प्रकार.

आणि मग भाचा म्हणाला, "चला मामा, माउंट विल्सन."

वर जाताना काही बोललो नाही. वर वेधशाळा आहे. तिथल्या शंभर इंची दुर्बिणीतून १९२० च्या दशकात एडविन हबलने आकाश पाहिले आणि आपल्या आकाशगंगेपलीकडेही आकाशगंगा आहेत हे जगाला दाखवून दिले. आम्ही पांढऱ्या घुमटाखाली उभे राहिलो. खाली धुरकट लॉस एंजलिस पसरले होते. मी त्या उताराकडे पाहिले आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, "मला १९७८ साली असंच झालं होतं."

ही गोष्ट मी ४१ वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. पुण्याहून मुंबईला निघालो होतो. जुनी, ड्रमच्या ब्रेकची मोटार, मागे सौ., तिच्या मांडीवर दीड वर्षाची मुलगी, शेजारी पाच वर्षांचा मुलगा, पुढे माझी आई. टपावर सामान. त्या दिवसांत पेट्रोल वाचवण्याची एक युक्ती आम्हा कारकुनांत फार बोकाळली होती. खंडाळ्याचा घाट लागला की मोटार न्यूट्रलमध्ये टाकायची आणि फुकटात खाली उतरायचे. मी तेच केले. सुमारे पाचशे मीटरचा उतार, आणि एका कपर्दिकेचे पेट्रोल वाचवण्यासाठी बंबभर पाणी उकळेल एवढी आग मी चार बंद डब्यांत कोंडली. तिसऱ्या की चौथ्या वळणाला जळका वास आला. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला, तर पाय खाली गेला आणि मोटार तशीच. मी पाय आपटत राहिलो, कसाबसा गिअर टाकला. तो असा किंचाळला की आई दचकून जागी झाली. हातब्रेक ओढला. शिंग्रोबाच्या देवळापाशी जागा थोडी रुंद होती, तिथे डोंगराच्या बाजूला मोटार नेऊन थांबवली. चाकांतून धूर येत होता.

एक लॉरीवाला थांबला. वास घेतला, गिअरच्या दांड्याकडे पाहिले आणि सगळे समजला. एवढेच म्हणाला, "साहेब, ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरायचं." मग देवळापुढे नाणे टाकून तो निघून गेला. मी घरच्यांना सांगितले, "इंजिन तापलंय. चला, देवदर्शन करून घेऊ."

भाचा ऐकून बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने मोटार सुरू केली, दुसरा गिअर टाकला आणि ला कन्याडा येईपर्यंत इंजिनाला आपले काम करू दिले. ब्रेक तो फक्त वळणाआधी दाबी आणि सोडून देई. खाली आल्यावर आम्ही उतरून चाकाजवळ हात नेला. तबकडी गरम होती. पण वास नाही, धूर नाही. पॅडलही सकाळी होते तेवढेच ताठ.

"मोठे ब्रेक चांगले आहेत, मामा," तो म्हणाला. "पण हे जुन्या ब्रेकवरही जमलं असतं. नाही का?"

"नव्या तेलावर आणि दुसऱ्या गिअरमध्ये? बहुधा."

रात्री जेवताना त्याने आपण होऊन बायकोला मार्चमधली गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. फक्त वाढता वाढता तिचा हात एकदा थांबला. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. फोटो काढत होतास म्हणालास, पण दाखवला एकही नाहीस."

त्या शांततेत मलाही धीर आला. मी सौ.ला म्हणालो, "अगं, तुला आठवतं, आपण एकदा शिंग्रोबाला थांबलो होतो..."

"इंजिन तापलं म्हणून," ती म्हणाली. "पण धूर चाकांतून येत होता. आणि अहो, तुमचा पाय पाचदा आपटलेला मी मागून पाहिला होता. मी बाळीला इतकी घट्ट धरली होती, की तिच्या दंडावर माझी बोटं उमटली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचे हात थरथरत होते. त्यात मी आणखी काय बोलणार होते?"

वाचकहो, त्यानंतर आमच्या घरी एक प्रथा पडली होती. मुंबईला जायचे म्हटले की ही म्हणे, "मोटार नको, डेक्कन क्वीनने जाऊ." मी कुरकुर करीत तिकिटे काढी. गाडीतल्या आम्लेटाची हिला चटक लागली आहे, असे मी चारचौघांत हसून सांगतही असे. त्या रात्री भाच्याच्या टेबलाशी मला आठवले, की मुले मोठी होऊन आपापल्या घरी गेल्यावर ही पुन्हा माझ्याबरोबर मोटारीने घाट उतरू लागली. गाडीतले आम्लेट तर हिने कधीच संपवले नव्हते. अर्धे नेहमी माझ्याच ताटलीत येई.

फोन आला त्या दिवशी हिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मी भाच्याकडून मागितले. "मोठे ब्रेक आले, आता आणखी जोरात चालवणार का रे?"

भाच्याने बायकोकडे पाहिले. "मोह होणार," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण तेल दोन वर्षांनी बदलीन. तारीख लिहून ठेवतो." आणि खरोखरच उठून त्याने मुलांच्या लसीकरणाच्या तारखा लिहिलेल्या कागदाखाली ती तारीख लिहिली. २०२१ साली त्याने स्वतःहून फोन करून तेल बदलल्याचे कळवले. पॅडल दाबायला या खेपेला त्याची बायको बसली होती. "मामा, ती तुमच्यापेक्षा बरी दाबते," असेही त्याने कळवले.

यंदाही आमच्याकडे पहाटे गिझर लागेल. बंब केव्हाच माळ्यावर गेला. पण अभ्यंगस्नानाची पहिली कढत बादली मी पुढ्यात ओढली, की मला खंडाळ्याचा घाट आठवेल. मग मी ती तशीच बाजूला सारून म्हणेन, "अगं, आधी तू घे."

ही विचारील, "आज काय विशेष?"

या खेपेला मी खरे ते सांगणार आहे.